लेक म्हणते, वाए रेबोला जाऊन राहणार

देवरुखहून एका आईचं पत्र आलंय. त्यांची मुलगी पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. मे महिन्यात ती मैत्रिणींबरोबर इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर गेली होती. तिथल्या डोंगरातल्या वाए रेबो या गावात तीन रात्री राहिली आणि घरी आल्यापासून एकच म्हणतेय, ‘डिग्री झाली की मी तिथेच जाऊन राहणार, त्या गावासाठी काम करणार.’ आई विचारतात, ‘अशा आडगावात तिला काही भवितव्य आहे का? कर्ज काढून शिकवलंय हो.’ पत्राच्या तळाशी मुलीने स्वतः दोन ओळी लिहिल्यात : ‘सर, आईला वाटतं मी पळ काढतेय. माझ्या शिक्षणाचा कुणाला उपयोग आहे, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि लेकीच्या दोन ओळी चारदा. चार वर्षं शिकून ‘उपयोग आहे असं पहिल्यांदा वाटलं’ असं जी पोर लिहिते, ती पळ काढत नाहीये. तेव्हा ती काळजी आधी बाजूला ठेवा. तुमचा दुसरा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. वाए रेबोतले आईबापही आपापल्या मुलांसाठी तोच प्रश्न विचारतात. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

सरकारदरबारी वाए रेबो हे स्वतंत्र गावसुद्धा नाही. सातार लेंदा नावाच्या गावाची ती वरची वाडी, समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे ते बाराशे मीटर उंचीवरची. विमानतळ असलेल्या लाबुआन बाजोहून गाडीने पाच-सहा तास, देंगे या पायथ्याच्या गावापर्यंत. पुढे जंगलातून पायवाट. साखर, सिमेंट, मीठ, आजारी माणूस, सगळं त्याच वाटेने. वर पोचलं की गोल अंगणाभोवती शंकूच्या आकाराची सात घरं दिसतात. त्यांना म्बारू नियांग म्हणतात. खिळा एकही नाही. लाकूड, बांबू, वेताची बांधणी आणि वरून जमिनीला टेकत आलेलं गवताचं छप्पर. आत पाच मजले. खाली माणसं राहतात, वरच्या माळ्यांवर धान्य, त्यावर बियाणं, त्यावर दुष्काळासाठी राखलेला साठा, आणि अगदी टोकाला पूर्वजांचा नैवेद्य. बियाणं आणि दुष्काळाची बेगमी पूर्वजांच्या लगेच खाली ठेवणारी माणसं ही. तुमची मुलगी भारावली यात नवल नाही.

पण ताई, त्या अंगणात तिला शाळा दिसली नसणार. शाळेसाठी मुलं खाली उतरतात. बरीचशी कुटुंबं खाली कोम्बो नावाच्या वाडीत स्थायिक झालीत, लहान मुलं तिथे नातेवाइकांकडे राहून शिकतात आणि सुट्टीला वर येतात. हे वाचताना माझ्या पोटात कालवाकालव होते. आमची वाडीही सह्याद्रीच्या माथ्यावरची. पाचवीपासून मी खाली मावशीकडे राहिलो. शनिवारी दुपारी शाळा सुटली की घाट चढायचा आणि रविवारी संध्याकाळी आईने बांधून दिलेल्या भाकऱ्या घेऊन उतरायचा. गाव आपलंच असतं, पण आठवड्यातून दीड दिवसाचं होतं. त्या मुलांचं गावाशी असलेलं नातं पाहुण्याच्या तीन रात्रींत कळण्यासारखं नाही.

मोठी झाल्यावर ही मुलं काय करतात? गावाचा पैसा मुख्यतः कॉफीचा. उतारावरच्या बागांतली कॉफी वाळवून, डोक्या-खांद्यावरून खाली न्यायची. बायका मागावर सोंगके विणतात, काळ्या जमिनीवर रंगीत नक्षीचं मांगाराय मुलखाचं, म्हणजे पश्चिम फ्लोरेसच्या या भागाचं, कापड. तिसरं उत्पन्न पाहुण्यांचं. राहायला एक घर, चटया, जेवण, वाटाड्या, हमाल, आणि त्या कामाच्या गावाने ठरवलेल्या पाळ्या. एप्रिल 2020 मध्ये इंडोनेशियाने परदेशी प्रवाशांना दार लावलं, तेव्हा या तिसऱ्या उत्पन्नावर किती विसंबायचं हे त्यांना कळून चुकलं. कॉफी आणि रताळी होती म्हणून निभावलं.

आणि बाकीचे बाहेर पडतात. त्यांच्या भाषेत याला ‘मेरानताऊ’ म्हणतात, पोटासाठी मुलूख सोडून जाणं. फ्लोरेसची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मलेशियातल्या साबाच्या मळ्यांवर, बालीत, मकास्सरला जात आलीत. आता लाबुआन बाजोतल्या हॉटेलांत आणि बोटींवरही. कोकणातल्या माणसाला हा शब्द फोड करून सांगायला नको. जी मुलं शिकतात ती शिक्षक होतात, पण पक्की सरकारी नेमणूक मिळेपर्यंत ‘गुरू होनोरेर’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर पुष्कळांना वर्षानुवर्षं काढावी लागलीत. मुली सुईणीचं शिक्षण घेतात. 1989 पासून सरकारने गावोगावी प्रशिक्षित सुईण नेमायला घेतली, आणि दुर्गम भागात मुलींसाठी अभिमानाची म्हणता येईल अशी ही नोकरी आहे. रुतेंग या जिल्ह्याच्या ठिकाणी कॅथलिक विद्यापीठ आहे, तिथेही पुष्कळ जण शिक्षक व्हायलाच जातात. म्हणजे बघा, त्या गावातल्या वीस वर्षांच्या मुलीपुढे जे रस्ते आहेत ते जवळजवळ सगळे उताराचे आहेत. तुमची मुलगी तेवढी चढायचं म्हणतेय.

आता थोडं तुझ्याशी बोलतो, बाळ.

तू ज्या सात घरांत हिंडलीस, ती 2008 साली सात नव्हती. चारच उभी होती, त्यातलीही काही डबघाईला आलेली. जकार्ताचे वास्तुविशारद योरी अंतार आपल्या सोबत्यांना घेऊन तिथे पोचले तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी नकाशे काढून बांधकाम सुरू केलं असतं तर त्या घरांचे रिसॉर्ट झाले असते. त्यांनी पैसे उभे केले, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना नोंदी घ्यायला आणलं, आणि घरं गावकऱ्यांनी बांधली. ज्या म्हाताऱ्यांना लाकूड कधी तोडायचं, वेत कसा आवळायचा, कोणता विधी कधी करायचा हे ठाऊक होतं त्यांनी सांगितलं, तरुणांच्या हातांनी ते शिकून घेतलं. सात घरं पुरी झाली. 2012 साली या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत त्याचं नाव आलं.

हे मी तुला का सांगतोय? त्या गावात बांधायची विद्या आधीपासून आहे, आणि तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तुझा उपयोग आहे हे तुला वाटलं ते खरं आहे, पण आज तो उपयोग शिकणाऱ्याचा आहे. त्या विद्यार्थ्यांनी केलं ते काम. माप घेणं, लिहून ठेवणं, विचारत राहणं. हे काम छोटं समजू नकोस. म्हातारा गेला की त्याच्याबरोबर जाणारी गोष्ट कागदावर राहते.

‘जाऊन राहणार’ या शब्दांपाशी मात्र थांबायला लागेल. प्रवासी व्हिसावर इंडोनेशियात कामाला मनाई आहे, आणि ‘मी बिनपगारी करते’ म्हटलं तरी सुटका होत नाही. संशोधनासाठी ‘ब्रिन’ या तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी आणि तिथल्याच एखाद्या संस्थेची साथ लागते. 1960 च्या जमीन कायद्याने परदेशी माणसाला पूर्ण मालकीची जमीन घेता येत नाही. मांगारायात तर जमीन कुळाची. गोल शेताच्या मध्यबिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फाका पाडून कुणाला कुठली फाक, हे ‘तुआ तेनो’, म्हणजे जमिनीची वाटणी पाहणारा वडीलधारा, ठरवतो. या वाटणीत बाहेरच्या माणसाची फाक नसते. शिवाय 2014 च्या ग्रामकायद्यानंतर गावांच्या खात्यात केंद्राकडून थेट निधी येतो आणि तो कशावर घालायचा हे गाव बैठकीत ठरवतं. तेव्हा ‘गावासाठी काम’ म्हणताना तिथे आधीच एक सरपंच आहे, एक कारभार आहे, वडीलधारे आहेत, हे मनात पक्कं ठेव.

खुद्द इंडोनेशियातली तुझ्या वयाची मुलंही तुझ्यासारखीच ओढ घेऊन दुर्गम भागात जातात. ‘इंडोनेशिया मंगाजार’ ही संस्था 2010 पासून पदवीधरांना दूरच्या गावांत शिक्षक म्हणून पाठवते. मुदत किती? एक वर्ष. मग परत यायचं आणि जे पाहिलं ते घेऊन आपापल्या क्षेत्रात कामाला लागायचं. परदेशी नागरिक म्हणून तुला तिथे जागा नाही, पण त्यांच्या त्या एका वर्षाचा विचार कर. मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं. पाचवं वर्ष पुरं करायचं आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी घ्यायची. यात तडजोड नाही. ती नसली तर भारतात तुला स्वतःला ‘वास्तुविशारद’ म्हणवून घेता येणार नाही. प्रॅक्टिकल ट्रेनिंग काचेच्या इमारती बनवणाऱ्या ऑफिसात घेऊ नकोस. बांबू, माती, लाकूड प्रत्यक्ष हाताळणाऱ्यांकडे जा. तुझ्या घरापासून फार लांब नाही, कुडाळला कोनबॅक या बांबू-वेताच्या केंद्रात बांबूचं काम चालतं, तिथे आधी विचारून बघ. बांबू कधी तोडायचा, कीड कशी रोखायची, सांधा कसा घट्ट राहतो हे तुझ्या हातात असेल तर पुढच्या वेळी म्हातारे तुझ्याशी वेगळं बोलतील.

त्याच वर्षभरात भाषा. भाषेवाचून तिथे जाणं म्हणजे पुन्हा फोटो काढून येणं. बहासा इंडोनेसिया रोमन लिपीत लिहितात, क्रियापदांना काळ नाही, नामांना लिंग नाही, आणि काही शब्द तर ओळखीचे भेटतील. बहासा म्हणजे भाषा. देसा म्हणजे गाव. गुरू म्हणजे गुरूच. केपाला म्हणजे डोकं, आपलं कपाळ. केपाला देसा म्हणजे सरपंच. मांगारायची बोली मात्र निराळी, ती तिथेच बसून शिकावी लागेल.

मग ‘दारमासिस्वा’ला अर्ज. ही इंडोनेशिया सरकारची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती. भाषा, कला, संस्कृती शिकण्यासाठी, पदवी न देणारी, साधारण वर्षभराची. मुंबईत इंडोनेशियाचा वाणिज्य दूतावास आहे, यंदाच्या अटी आणि तारखा तिथूनच घे, इकडच्या तिकडच्या एजंटाकडून घेऊ नकोस. ते वर्ष एखाद्या विद्यापीठाच्या गावी काढ आणि सुट्टीत फ्लोरेसला जा. नंतरही ओढ टिकली तर मास्टर्स. विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची ‘केएनबी’ शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडे दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात जतनशास्त्र, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याचं शास्त्र, शिकवतात. तिथून इंडोनेशियन विद्यापीठाच्या बरोबरीने, रीतसर परवानगी काढून, महिन्या-दोन महिन्यांसाठी वाए रेबोला जाणारी संशोधक व्हायचं. वर्षानुवर्षं परत परत जाणारी. मला वाटतं त्या गावाला कायमच्या पाहुणीपेक्षा अशी माणूस जास्त उपयोगी पडेल.

पैशांचंही स्पष्ट सांगतो. जतनाच्या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या, सुरुवातीचा पगार बेताचा, आणि तुझ्या वर्गातली मुलं चार-पाच वर्षं तुझ्यापेक्षा जास्त कमावतील. घरचं कर्ज आहे. पदवीनंतर निदान दीड-दोन वर्षं नोकरी करून हप्त्यांचा भार उचल आणि मग शिष्यवृत्तीकडे वळ. भाषा संध्याकाळी शिकता येते.

ताई, पुन्हा तुमच्याकडे. तब्येतीचं विचारलंत. वर कुणी आजारी पडलं तर आधी डोंगर उतरायचा, मग गाडीने रुतेंगचं हॉस्पिटल, दोन-तीन तासांवर. 1997 पासून फ्लोरेसमध्ये कुत्र्यांत रेबीज आहे, म्हणून पुन्हा जायच्या आधी रेबीजची प्रतिबंधक लस घेऊनच पाठवा आणि मलेरियाबद्दल डॉक्टरांना विचारा. जेवणात भात, भाजी, अंडं मिळतं. विधींना कोंबडं-डुक्कर असतं, न खाणाऱ्याने नम्रपणे सांगितलं की यजमान समजून घेतात. लग्नाचं तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच विचारलंत. त्याचं उत्तर तुमच्या लेकीकडे आहे, माझ्याकडे नाही, आणि तिने ते कधी द्यायचं हेही तीच ठरवेल.

बाळ, एक काम देतो. तू ज्या घरात निजलीस तिथे तुझ्याच वयाची एखादी मुलगी असेल, नाहीतर कोम्बोत असेल. तुझ्या वाटाड्याचा नंबर तुझ्याकडे नक्की असणार. तो रेंजमध्ये आला की त्याच्यामार्फत तिला विचार : तू काय शिकतेस, कुठे राहतेस, डोंगरावर परत जायचंय का, आणि गावात काय असतं तर तू गेली असतीस? तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घे आणि मला पाठव. माझ्या या पत्रातलं काय बदलायला हवं ते त्यावरून बघू.