बाबांचं जबड्याचं ऑपरेशन आहे, गुटख्यामुळे तोंड जेमतेम एक बोट उघडतं. भूलवाले डॉक्टर म्हणतात श्वासाची नळी जागेपणीच घालणार. असं का?

मी स्वतः भूल देतो. 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे पण असे पेशंट काही कमी दिसत नाहीत, असो. तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत.

कसंय, भूल चढली की श्वास मंदावतो नाहीतर थांबतोच, जीभ मागे पडते. एरवी तोंड तीन बोटं उघडतं, लॅरिंगोस्कोप म्हणजे दिव्याचं पातं घातलं, स्वरयंत्र दिसलं, नळी टाकली, झालं. बाबांच्या तोंडात ते पातंच शिरणार नाही. दाढेला पू होऊन दुखण्याने जबडा आवळला असेल तर भुलीत तो बऱ्याचदा सैल पडतो, पण गुटख्याने आतली कातडी दोरीसारखी कडक झाली असेल तर कितीही औषध द्या, तसूभर हलत नाही. आणि हे झोपवल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणून आधी नळी मग झोप, तोवर श्वास त्यांचा ते घेतात.

जागेपणी म्हणजे छळ नाही हो. लाळ सुकवायचं इंजेक्शन, नाकात रक्त येऊ नये म्हणून थेंब, मग लिग्नोकेन या बधिर करायच्या औषधाची वाफ आणि स्प्रे, घसा पार बधिर होतो, थोडं गुंगीचं औषध, एका नाकपुडीत ऑक्सिजन, आणि दुसरीतून बारीक कॅमेरा सरकवत श्वासनलिकेत जायचं, त्याच्यावरून नळी. नाकातूनच, कारण तोंडात सर्जनला काम करायचंय. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ दिसला, म्हणजे नळी श्वासनलिकेतच आहे हे कळलं, की मगच भूल. सगळा खेळ बधिर होईपर्यंत थांबण्याचा आहे, मी सुरुवातीला एकदा घाई केली होती, पेशंट खोकला, नाकातून रक्त आलं आणि कॅमेऱ्यात नुसतं लाल, पुढे काही दिसेचना. तेव्हा गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करायची तयारी बाजूला होती म्हणून निभावलं. तुमच्याकडूनही त्याच्या संमतीची सही घेतील, घाबरू नका.

तुम्ही एवढं करा, नाकाला कधी मार लागलाय का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, हलणारे दात, सगळं आधीच सांगा. ऑपरेशननंतर सूज असते म्हणून नळी कधीकधी रात्रभर ठेवतात, तेव्हा बोलता येत नाही, त्यामुळे वही-पेन नाहीतर पाटी जवळ ठेवा आणि हे बाबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.