चिन्हं, प्रत्यय आणि न सापडणारा ‘ऱ्या’

नेटवर मराठीत शोधताना काय लिहावं, काय गाळावं, हे ग्रंथालयाच्या टेबलावर रोज ऐकतो, पत्रांतही तेच. म्हणून एकदाच उरकतो.

प्रश्न : शेवटी प्रश्नचिन्ह दिलं नाही तर गूगलला कळतं का?

कळतं. पूर्णविरामही सोडा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की शब्दाआधी अधिकचं चिन्ह टाकलं तर तो शब्द येतोच. खरं का?

गूगलने ती सोय २०११ साली काढली. ढकलपत्र अजून फिरतंय. नेमका शब्द हवा तर तो दुहेरी अवतरणात घाला. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह चालतं, पण चिन्ह आणि शब्द यांत जागा सोडू नका.

प्रश्न : ‘डाळिंब तेल्या’ आणि ‘डाळिंबावरील तेल्याचे नियंत्रण’ यांना वेगवेगळी उत्तरं येतात. तेल्या रोगावर तीन आठवडे शोधतोय.

मराठीत प्रत्यय चिकटतो आणि चिकटताना मूळ शब्दच बदलतो. पाऊस, पण पावसात. विहीर, पण विहिरीला. शेपूट कापून उरलेला ‘पावसा’ कोशात कुठे आहे? त्यामुळे यंत्र कधी जुळवतं, कधी हुकतं. दोन्ही रूपं घालून पाहा. अवतरणात टाकलंत तर तेवढंच रूप मिळेल. फवारणीचं प्रमाण मात्र पडद्यावरून उचलू नका. आणि तीन आठवडे? रोगट पानं घेऊन उद्याच कृषी सहायकाला, म्हणजे आताच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला, गाठा.

प्रश्न : ७/१२ लिहावं की सातबारा?

काहीही. चिन्हापेक्षा ‘प्रायोजित’ लिहिलेल्या ओळींकडे बघा. सरकारी वाटणारं नाव लावून पैसे उकळणारे तिथेच बसलेले असतात. डिजिटल सहीच्या उताऱ्याला शासन १५ रुपये घेतं. पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर पैसे भरू नका. नोंदीतच घोळ असेल तर तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, भेटा.

प्रश्न : आमच्या वाचनालयात शीर्षकात ‘डोंगरदऱ्या’ असलेलं पुस्तक कपाटात आहे, संगणक म्हणतो ‘नोंद नाही’. विक्रेता म्हणतो, ‘मराठी सर्च’चा वेगळा पॅक घ्या.

थांबा. यावर मी गेली कित्येक वर्षं कंठशोष करतोय. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या; हा फरक दाखवणारा ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. नोंद एका कीबोर्डवर झाली, शोध दुसऱ्यावरून घेतला, की पुस्तक कपाटात असून हरवलं! ‘ॲ’चंही तसंच: हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र चढवलेला किंवा हिंदीचा ‘ऍ’ घेतलेला. शिवाय १९६२च्या लेखननियमांआधीची शीर्षकं, म्हणजे आजच्या ‘काही’, ‘नाही’ऐवजी ‘कांहीं’, ‘नाहीं’. मोठी शोधयंत्रं पुष्कळदा सांभाळून घेतात, तुमचं सॉफ्टवेअर घेईलच असं नाही. दोन्ही ‘ऱ्या’ टाइप करून शोधा, म्हणजे दुखणं कळेल. मग एकच रूप ठरवून सगळ्या नोंदी बदलून घ्या. पण आधी नोंदींची प्रत काढून ठेवा आणि जाणकार ग्रंथपालाला शेजारी बसवा. पॅकबद्दल विक्रेत्याला लेखी विचारा, दोन्ही ‘ऱ्या’ एक धरले जातील का? लेखी उत्तर येईपर्यंत धनादेश देऊ नका.

प्रश्न : इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा का?

फरक पडत नाही.