कुत्र्याने ओरबाडलेली भिंत घरच्या घरी कशी नीट करावी? पुट्टी-रंग मारूनही खालचा पिवळा डाग परत का येतो?

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: दाराशेजारच्या भिंतीवर नखांचे ओरखडे, कुरतडलेला कोपरा आणि तळाशी मुताचा डाग, जो रंग मारल्यावर महिन्याभरात पुन्हा वर आला. सुरुवात डागापासून करा. तो तसाच ठेवून वर कितीही पुट्टी भरली तरी काम वाया जातं.

लघवीतलं पाणी उडून जातं, क्षार आणि युरिक आम्लाचे खडे मात्र पुट्टीत अन् गिलाव्यात मुरून बसतात. युरिक आम्ल साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि क्षार हवेतला ओलावा ओढतात. म्हणून दमट दिवसांत वास उठतो. पाण्यात कालवलेला प्रायमर किंवा रंग लावला की त्याच पाण्याने डाग थोडा सुटतो आणि नव्या थरातून वर झिरपतो. तुमच्या भिंतीवर बहुधा हेच झालंय.

आधी डागाची खरी हद्द शोधा. अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की मुरलेली लघवी फिकट पिवळी-हिरवट चमकते. डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा डाग बराच मोठा निघतो. पेन्सिलीने खूण करा. फुगलेला, पोपडे धरलेला रंग आणि भुसभुशीत पुट्टी पत्र्याने (पुट्टी लावायच्या लोखंडी पात्याने) खरवडून घट्ट थरापर्यंत या. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी जमिनीलगतची पट्टी) लाकडी असेल तर काढून मागे बघा, ओघळ तिथेच साचतो.

आता पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइम क्लीनर. फवारून लगेच पुसू नका. कापडाची घडी त्यात भिजवून डागावर चिकटपट्टीने बसवा आणि डब्यावर लिहिलेला वेळ ती ओली राहू द्या. एन्झाइम ओलाव्यातच काम करतात. आधी फिनाइल किंवा ब्लीच मारलं असेल तर पाण्याने पुसून घ्या, नाहीतर एन्झाइम निकामी होतात. लघवीवर ब्लीच ओतूच नका, त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. अमोनियाचं क्लीनरही नको. त्याचा वास प्राण्याला लघवीसारखाच वाटतो आणि तो पुन्हा तिथेच पाय वर करतो.

त्यानंतर भिंत पूर्ण वाळू द्या. खात्री करायला हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून 24 तास ठेवा. आतून घाम धरला तर भिंत अजून ओली आहे.

ओरखड्यांना कोणता माल लावायचा, हे नख किती खोल गेलंय त्यावर ठरतं. नुसता रंग खरचटला असेल तर 150 नंबरच्या पॉलिशपेपरने कडा मोडा आणि ॲक्रिलिक पुट्टीचा एक पातळ हात द्या. पुट्टीचा थर फुटून पांढरा चुरा पडत असेल तर पत्र्याच्या टोकाने ओरखडा थोडा रुंद करून सैल कडा उडवा, ब्रशने धूळ काढा, मगच पुट्टी दाबून भरा. धुळीवर लावलेली पुट्टी आठवड्याभरात खपलीसारखी निघते. व्हाइट सिमेंटची पुट्टी वापरत असाल तर भिंत आधी किंचित ओली करा. 1 किलो पावडरला साधारण 350 ते 400 मिली पाणी लागतं. गिलाव्यापर्यंत खड्डा गेला असेल तर तो पुट्टीने भरू नका. पुट्टीचा एक हात दीड मिलिमीटरच्या आत हवा, जाड लावली की आक्रसून तडकते. खोल भागात आधी जिप्सम प्लास्टर आणि वरून पुट्टी.

भिंत जिप्सम बोर्डाची असेल तर ती ठोकल्यावर पोकळ वाजते. तिथे सिमेंटची पुट्टी नको, जॉइंट कंपाउंड, म्हणजे बोर्डाचे सांधे भरायचा लगदा, घ्या. फाटलेला कागद ब्लेडने कापून काढा. तसाच ठेवला तर ओला होऊन फुगतो. लघवीने मऊ पडलेला बोर्ड मात्र कापून नवा तुकडा बसवावा.

कोपऱ्याचं काम थोडं नाजूक, पण एक सोपी युक्ती आहे. सरळ, गुळगुळीत पट्टी एका बाजूच्या भिंतीला लावून तिची कड कोपऱ्याच्या मूळ रेषेत धरा. दुसऱ्या बाजूने जिप्सम प्लास्टर भरून पत्रा पट्टीच्या कडेवरून फिरवा. प्लास्टर आवळलं की पट्टी वर न उचलता बाजूला सरकवून सोडवा, नाहीतर ताजी धार तुटते. मग दुसरी बाजू तशीच करा. प्लास्टर थोडंथोडंच कालवा, ते वीसेक मिनिटांत धरतं. कुत्रा दात लावायची सवय सोडत नसेल तर आधीच ॲल्युमिनियमचा कोपरापट्टा बसवलेला बरा.

वाळल्यावर 180 आणि शेवटी 220 नंबरने, ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरकी मारा, समोरून न दिसणारे उंचवटे लगेच दिसतील. मास्क हवाच. घर खूप जुनं असेल तर रंगात शिसं असू शकतं. ते तपासल्याशिवाय कोरडं घासू नका.

आता डाग अडवणारा प्रायमर. माझं मत शेलॅकच्या, म्हणजे लाखेपासून केलेल्या प्रायमरच्या बाजूने, कारण तो डाग आणि वास दोन्ही कोंडून ठेवतो. पेन्सिलीच्या खुणेबाहेर वीतभर लावा. त्याचा दर्प उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. वर रंगाचे दोन हात, तेही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला. तेवढाच चौकोन रंगवला तर शेड जुळूनही ठिगळ दिसतं.

काम पूर्ण वाळेपर्यंत प्राण्याला त्या खोलीत सोडू नका. ओली सिमेंट पुट्टी अल्कधर्मी असते, पंजे आणि जीभ भाजते. मांजर शेलॅकच्या वासापासूनही लांबच हवं.

दाराशेजारी नखं पुन्हा लागणारच, म्हणून कुत्रा उभा राहून पोहोचतो तिथपर्यंत पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा स्क्रूने बसवा. आणि घरात शिस्तीत असलेला कुत्रा अचानक भिंतीवर मुतू लागला किंवा भिंत चाटून खाऊ लागला, तर रंगाचा डबा उघडण्याआधी त्याला पशुवैद्याकडे न्या.