वाचकांचे प्रश्न : डॉक्टरबाईंची दोन सीटची गाडी

प्रश्न : मी डॉक्टर आहे, फोंड्याला राहते आणि रोज पणजीला ये-जा करते. कधी रात्री-अपरात्रीही जावं लागतं. एका परिचितांना त्यांची बीएमडब्ल्यू झेड फोर विकायची आहे : २०१२ चं मॉडेल, दोन सीटची, छप्पर दुमडणारी. फार चाललेली नाही. आयुष्यात एक गाडी हौसेची घ्यावी असं माझ्या मनात बरीच वर्षं आहे. सासऱ्यांनी उभी हयात अँबॅसिडर चालवली. ते म्हणतात, मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या रस्त्यावर गिरकी घेते. नवऱ्याचं म्हणणं, घे, पण जून ते सप्टेंबर शेडमध्ये ठेव. माझं माहेर दिवाडीला, म्हणजे फेरीबोटही आलीच. आपल्याकडच्या पावसात ही गाडी खरोखर सुरक्षित आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : डॉक्टरबाई, गाडी घ्या आणि पावसातही चालवा. अट एकच : आज तिला जे टायर आहेत ते बघितल्याशिवाय, आणि बहुतेक बदलल्याशिवाय, पहिल्या सरीत ती बाहेर काढू नका. माझं गॅरेज फोंड्यातच आहे, तुमच्या रोजच्या रस्त्याचा उतार न् उतार मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सासऱ्यांचं. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. अँबॅसिडर काय, पद्मिनी काय, मागे पाटे, ड्रम ब्रेक, अरुंद टायर, आणि जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडू न देणाऱ्या एबीएसचा पत्ता नाही. अनमोडच्या ओल्या वळणावर गिअर उतरवून क्लच झटकन सोडला, की मागची चाकं क्षणभर अडायची आणि शेपूट बाहेर जायचं. त्या गाड्या सांभाळून चालवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मागची चाकं गाडी ढकलतात एवढ्यानेच ती धोक्याची ठरत असती, तर कदंबची बस, बोलेरो, ओम्नी, आपल्या टॅक्सीवाल्यांची क्रिस्टा, यातलं काहीच पावसाळ्यात रस्त्यावर दिसलं नसतं. या सगळ्या मागच्या चाकांवरच चालतात.

थांबण्याच्या बाबतीत तर पुढची की मागची हा प्रश्नच येत नाही. ब्रेक चारही चाकांना असतो. ताशी ८० च्या वेगाने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून साधारण ३५ मीटरमध्ये थांबते, ओल्यावर ५० मीटरच्या पुढेही जाऊ शकते. त्यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, म्हणजे आणखी २२ मीटर. हा ढोबळ हिशेब तुमच्या झेड फोरला लागू आहे तसाच शेजाऱ्यांच्या स्विफ्टलाही. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीला चिकटून जाणाऱ्याला कुठल्याच चाकांची गाडी वाचवत नाही.

फरक पडतो तो एका क्षणी : वळण अजून पुरतं संपलेलं नाही आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा. टायरची पकड ही महिन्याच्या ठरावीक पगारासारखी असते. वळायला बराचसा खर्च झाला असेल, तर वेग घ्यायला थोडीच उरते, आणि पावसात तर पगारच कापून आलेला असतो. पुढच्या चाकांच्या गाडीत अशा वेळी पुढची चाकं फिरतात आणि गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. घाबरून पाय उचलला की ती बहुतेक वेळा आपोआप सावरते. मागच्या चाकांच्या गाडीत मागचा भाग बाहेर सरकतो. तिथे पाय उचलणं पुरत नाही, स्टेअरिंगही उलट द्यावं लागतं, आणि तेही वेळेत. सासऱ्यांची भीती नेमकी याच क्षणाची आहे.

झेड फोरच्या ३५ आय मॉडेलच्या इंजिनाचा जोर ४०० न्यूटन मीटर, तोही टर्बोचा, आणि खालच्या फेऱ्यांतच मिळणारा. समजा, म्हार्दोळच्या आतल्या रस्त्यावरून तुम्ही हमरस्त्याला लागताय. दोन ट्रकांमध्ये फट दिसली, चाकं अजून वळलेली आहेत, आणि घाईने पाय अर्धा खाली गेला. ऑटोमॅटिक गिअर दोन पायऱ्या उतरतो, टर्बो भरतो आणि सगळा जोर मागच्या दोन ओल्या टायरांवर येतो. तेव्हा पावसात एवढंच करा : आधी स्टेअरिंग सरळ होऊ द्या, मग पाय दाबा, आणि तोही हळूहळू. पुढची फट मिळेल. गाडी नॉर्मल मोडवरच ठेवा, गिअर लवकर वर चढतात आणि जोर मवाळ येतो.

या गाडीत सासऱ्यांच्या अँबॅसिडरला नव्हतं असं एक मोठं साधन आहे. गाडी घसरते आहे हे ओळखून एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणारी आणि इंजिनाचा जोर कापणारी यंत्रणा १९९५ साली बॉशने मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आणली. बीएमडब्ल्यूत तिला डीएससी म्हणतात. माणसाला एका वेळी एकाच चाकाला ब्रेक लावता येत नाही, तिला येतो. ती कधीही बंद करू नका. स्पोर्ट प्लस मोडवर तिचा लगाम सैल होतो, म्हणून पावसाळ्यात त्या बटणाकडे बघूही नका. विकत घेताना किल्ली फिरवली की डीएससीचा दिवा लागून विझतो का ते पाहा. तो लागलेलाच राहत असेल तर दुरुस्ती झाल्याशिवाय पैसे देऊ नका, समोरचा कितीही जवळचा असला तरी. पण ही यंत्रणा पकड निर्माण करत नाही, आहे तेवढी वाटून देते. पकड देणारा टायरच.

आणि हौसेच्या गाड्या टायरांवरच फसवतात. कमी चाललेली गाडी म्हणजे नक्षी खोल, चकचकीत, बघणाऱ्याला वाटतं नवेच टायर. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१६ असेल तर तो २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आपल्या उकाड्यात ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर सहा-सात वर्षांत कडक होतं. कोरड्यावर ते कळत नाही, ओल्यावर पहिल्याच वळणावर कळतं. नखाने दाबून पाहा, बाजूला बारीक तडे आहेत का बघा. मग जमिनीवर चटई टाका आणि मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. या गाड्यांची मागची चाकं वरून किंचित आत कललेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते. बाहेरून नक्षी शाबूत, आत गोटा, असे टायर गॅरेजमध्ये नेहमी येतात. नक्षीच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. माझं मत विचाराल तर रुंद टायरच्या गाडीला ३ मिलिमीटर उरले की आपल्या पावसासाठी टायर संपला.

रुंद का म्हणालो? मागचा टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला खाचांमधून बाहेर फेकावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. विमानांच्या टायरांवरून काढलेलं एक जुनं सूत्र आहे. त्यानुसार ३२ पीएसआय हवेचा गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास तरंगायला लागतो. जुन्या गोव्याच्या बायपासवर किंवा झुआरी पुलाच्या जोडरस्त्यांवर लोक याहून वेगाने जातात, आणि चाकोरीत पाणी साचलेलं असतं. तिथे पावसात ७० च्या आत राहा. वेग आपोआप एकसारखा राखणारा क्रूझ कंट्रोल लावू नका. स्टेअरिंग अचानक हलकं झालं, तर ब्रेक नको, झटका नको. हात सरळ, पाय सावकाश वर.

३५ आय मॉडेलला पुढे २२५ आणि मागे २५५ रुंदीचे टायर येतात, म्हणून ते पुढे-मागे अदलाबदल करता येत नाहीत. मागचे आधी झिजतात. बदलायचे ते एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. एका बाजूला रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे, आणि दुसऱ्या बाजूला साधे अशी खिचडी नको. आणि निवडताना ओल्या रस्त्यावरची पकड बघून निवडा, आवाज आणि किंमत नंतर.

एक दिलासा देतो. परदेशातले लोक या गाड्यांबद्दल जे भयंकर इशारे देतात, त्यातले पुष्कळसे थंडीचे असतात. सात अंशांच्या खाली उन्हाळी टायर ताठरतो आणि घसरतो. आपला पाऊस पंचवीस अंशांचा, इथे रबर मऊच राहतं. आपल्याकडचे धोके वेगळे. मृगाच्या पहिल्या सरी, जेव्हा आठ महिन्यांचं सांडलेलं तेल आणि धूळ वर येते. उसगाव-तिस्क भागातला ट्रकांच्या चाकांनी आणलेला लाल चिखल. झाडांखालचा शेवाळलेला डांबर. पुलांच्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या, झेब्रा क्रॉसिंगचा गुळगुळीत रंग. या जागांवर वळत असताना ॲक्सिलरेटर किंवा ब्रेक दाबू नका, त्या ओलांडून मग दाबा.

मला खरी काळजी आहे ती मागच्या चाकांची नव्हे, गाडीच्या उंचीची. तुम्ही जवळजवळ रस्त्यावर बसलेल्या असाल. कुंडईच्या वसाहतीतून निघालेला ट्रक पुढे असेल, तर त्याच्या चाकांचं गढूळ पाणी थेट तुमच्या काचेवर, आणि त्या ड्रायव्हरला आरशात तुम्ही दिसतच नाही. अशा ट्रकच्या मागे चार सेकंदांचं अंतर ठेवा, शेजारी रेंगाळू नका. दिवसाही दिवे लावा. वायपरची रबरं दर पावसाळ्याआधी बदला. आणि साचलेलं पाणी दाराच्या खालच्या कडेला लागेल असं वाटलं, तर गाडी वळवा. इंजिनाने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या दारात जाऊन उभा राहतो. छपराच्या कडेच्या पन्हळींत पानं अडकली की पाणी आत येतं, तेही महिन्यातून एकदा साफ करा.

फेरीबोटीचं वेळ बघून ठरवा. ओहोटीला धक्का आणि बोट यांच्यातला कोन वाढतो आणि खालचं नाक घासतं. भरतीला सोपं जातं. उतरताना पुढची चाकं शेवाळलेल्या काँक्रीटवर आणि मागची ओल्या लोखंडी पत्र्यावर असतात. चढावर वजन मागे येतं, ते तुमच्याच फायद्याचं. फक्त पुढची गाडी पूर्ण वर जाऊ द्या, म्हणजे मध्ये थांबून पुन्हा उचलावी लागणार नाही. चाक फिरायला लागलं तर जास्त दाबू नका, सोडा आणि पुन्हा हळूच द्या.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ओळखीच्या कुणाचं सपाट, मोकळं आवार असेल तर परवानगी घेऊन, भर पावसात, ताशी तीसच्या आत, ब्रेक जोराने दाबून पाहा. पायाखाली एबीएस थरथरते ती काय असते ते एकदा कळू द्या. पहिल्यांदा ती थरथर ऐन संकटात कळली की माणूस घाबरून पाय काढतो.

यजमानांना सांगा, चार महिने शेडमध्ये ठेवलेल्या गाडीचे टायर आणि ब्रेक बिघडतात. पण लाल इशारा असलेल्या दिवशी, किंवा धुक्यात चोर्ला घाटाने बेळगावला जायचं असेल तेव्हा, आणि रात्रपाळीनंतर डोळे मिटत असताना, घरची दुसरी गाडी न्या. सासऱ्यांना पहिल्या पावसात शेजारी बसवून न्या. त्यांना गाड्यांची पारख आहे, टायर बदललेत हे त्यांना मंगेशीच्या आधीच कळेल.

प्रश्न : माझी इको भाजीच्या फेऱ्या मारते. पोती भरलेली असली की लाल चिखलात नीट जाते. रिकामी परतताना चढावर मागून घसरते. टायर तर चांगले आहेत. मित्र म्हणतो, हवा कमी कर. करू का?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची हवा कमी करू नका. कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो आणि वळताना लोळतो. कंपनीने दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली हवा गार टायरात भरा, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळे आकडे असतील तर तसे बदला. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांवर, म्हणून रिकामी असताना मागे वजनच नसतं. परतताना रिकामी क्रेट पुढे न रचता मागच्या चाकांच्या वर ठेवा आणि दोरीने बांधा. चढ सुरू होण्याआधीच दुसऱ्या गिअरमध्ये या आणि चढावर पाय एकसारखा ठेवा. ऐन चढावर गिअर बदलला की चाक फिरणारच.