जॅकवेलची जाळी बघायला पाण्याखाली जाणारा आरओव्ही स्वतः बनवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गावच्या उपसा सिंचन योजनेची जॅकवेल, म्हणजे पंप ज्यातून पाणी उचलतात ती विहीर, 18 मीटर खोल आहे, जाळी तुंबली की पाणबुड्या शोधत फिरावं लागतं, तर 40,000 रुपयांत कॅमेरावाला आरओव्ही, म्हणजे वरून केबलने चालवायचा पाण्याखालचा रोबोट, होईल का. आणि रास्पबेरी पाय, म्हणजे यंत्रातला छोटा कॉम्प्युटर, कुठला घ्यावा, कॅमेरा कुठला घ्यावा हेही विचारलंय.

होईल. पण रास्पबेरी पाय कुठलाही घ्या, त्याने काही अडत नाही. आरओव्हीचं सॉफ्टवेअर आर्डूसब नावाने फुकट मिळतं, चांगलं आहे. अडतं ते डब्यापाशी, म्हणजे ज्या नळकांड्यात हे सगळं कोरडं राहायचं असतं त्याच्यापाशी. मी गेली काही वर्षं विहिरी आणि तलावांसाठी अशी यंत्रं बनवतो. माझी जी बुडाली त्यातलं एकही इलेक्ट्रॉनिक्सच्या चुकीने बुडालं नाही.

हिशेब बघा. पाण्यात दर 10 मीटरला चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. तुमच्या 18 मीटरवर तो 1.8 किलो होतो. 10 सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर सगळा मिळून 140 किलो, म्हणजे दोन गडी झाकणावर उभे. ऐकायला भीती वाटते, पण हा दाब झाकण आतच ढकलतो, ते निसटत नाही. पाणी शिरतं ते दोनच ठिकाणांहून, ओ-रिंगच्या, म्हणजे झाकणाखालच्या रबरी कड्याच्या खोबणीतून आणि केबलच्या भोकातून.

बाजारातलं ॲक्रिलिकचं नळकांडं पूर्ण गोल नसतं. त्यात ओ-रिंग लावलेलं झाकण बुचासारखं ठोकायच्या फंदात पडू नका, एका बाजूला फट राहतेच. नळकांड्याच्या तोंडाला फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची रुंद सपाट कडी, चिकटवा, टर्नरकडून त्यात खोबण काढून घ्या आणि सपाट झाकण बोल्टने आवळा. खोबण काढलेल्या पृष्ठावर नख फिरवून बघा, लेथच्या रेघा लागल्या तर परत पाठवा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस नुसती चमक येण्यापुरतं लावायचं, पोळीला तूप लावल्यासारखं नाही. आणि लावताना वर केस पडला नाही ना, हे उजेडात धरून बघायचं. एक केस पुरतो.

आता केबल. माझं पहिलं यंत्र असंच गेलं. केबलच्या भोकाला बसवलेली ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळायचं बूच, उत्तम, ओ-रिंग उत्तम, तरी 12 मीटरवर चित्र थरथरलं आणि गेलं. वर काढलं तर डब्यात दोन बोटं पाणी. शोधता शोधता सापडलं ते डब्यापासून आठ मीटर वर, केबलच्या आवरणाला विहिरीच्या दगडाने पाडलेली खोच. पाणी तिथून आत शिरलं आणि तांब्याच्या तारांमधून केबलच्या आतल्या आत खाली उतरत डब्यात पोचलं. तेव्हापासून मी केबल डब्यात शिरते तिथे आवरण सोलतो, प्रत्येक तार सुटी करतो, थोडा भाग नागडा करून त्याला डाग देतो, म्हणजे तारांमधली जागा बंद होते, आणि तो सगळा तुकडा इपॉक्सीत बुडवतो.

डबा झाला की लगेच पाण्यात नाही. गॅरेजवाल्यांकडे ब्रेकमधली हवा काढायचा हातपंप असतो, तो मागून आणा. झाकणाला ठेवलेल्या छोट्या भोकातून हवा ओढा, काटा पाऱ्याच्या 250 मिलीमीटरवर आणा आणि चहा प्यायला जा. पंधरा मिनिटांनी काटा जागेवर असेल तर पुढे. नंतर रिकामा डबा, आत फक्त टिश्यू पेपर, दोरीला वजन बांधून जॅकवेलच्या तळाशी रात्रभर. सकाळी कागद कोरडा निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सला हात लावू नका.

तुमचा दुसरा बेत, वरून ट्रॅक्टरच्या बॅटरीचे 12 व्होल्ट खाली सोडायचा, तोही जमणार नाही. 30 मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन 60 मीटर तांबं. दीड चौरस मिलीमीटरच्या तारेचा रोध त्यात 0.7 ओहमच्या आसपास येतो. मोटरींनी 10 अँपिअर ओढले की सात व्होल्ट वाटेतच संपले, खाली पाच उरले. म्हणून बॅटरी यंत्रातच ठेवा आणि केबलमधून फक्त सिग्नल पाठवा. साधी लॅनची केबल 100 मीटरपर्यंत पुरते. वायफायचं विचारू नका, ते पाण्यात फूटभरही जात नाही. आणि 230 व्होल्ट पाण्यात उतरवायचा विचार चुकूनही नको.

मोटरींचं थोडक्यात. ब्लू रोबोटिक्स कंपनीचे टी 200 थ्रस्टर, म्हणजे पाण्याखाली चालणाऱ्या पंखा लावलेल्या मोटरी, उत्तम, पण एकेक 200 डॉलरच्या वर. सहा घेतले की तुमचं बजेट दोनदा बुडालं. बोटीतलं पाणी उपसायच्या छोट्या बिल्ज पंपाची मोटर घ्या, पंखा बसवा, तीन पुरतात: दोन पुढे-मागे जायला, एक वर-खाली.

फ्रेमला पीव्हीसी पाईप चालेल, फक्त त्याला भोकं पाडा, नाहीतर आत अडकलेली हवा वजनाचा सगळा हिशेब बिघडवते. तरंगायला लागणारा फोम वर, बॅटरी आणि शिसं खाली. मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं एकेक काढत-लावत यंत्र असं आणा की ड्रमभर पाण्यात सोडल्यावर अगदी हळू वर येईल. म्हणजे केबल तुटली तरी ते स्वतः वर येतं.

ओपनआरओव्ही हा प्रकल्पही असाच सुरू झाला होता. कॅलिफोर्नियातल्या एका पाण्याने भरलेल्या गुहेत सोनं आहे अशी दंतकथा, ते बघायला दोघांनी गॅरेजमध्ये यंत्र केलं आणि 2012 मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभे करायच्या वेबसाइटवर आणलं. आपल्याकडे तर प्रत्येक जुन्या विहिरीत सोन्याचा हंडा असतोच.

माझा सल्ला मात्र असा की पहिल्या वर्षी मोटरी बसवूच नका. तोच डबा, आत कॅमेरा, बाजूला दिवे, दोरीला बांधून जाळीसमोर सोडा. दिवे कॅमेऱ्याला चिकटवू नका, हातभर लांब ठेवा, नाहीतर गाळाचे कण उजळतात आणि धुक्यात गाडीचे हेडलाइट लावल्यासारखं दिसतं. जुलै-ऑगस्टच्या गढूळ पाण्यात कुठलाच कॅमेरा कामाचा नाही, पाहणी एप्रिल-मेमध्येच उरका. जाळी साफ करायला पाणबुड्या लागेलच. पण कुठे आणि किती तुंबलंय हे कळलं तर तो उगाच दोनदा उतरणार नाही.

आणि यंत्र असो की माणूस, पाण्यात उतरायच्या आधी पंप बंद करून स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. आमचं एक यंत्र जाळीला चिकटून बसलं होतं, कारण ऑपरेटरने वेळ झाली म्हणून पंप चालू केला.