कॉन्सर्ट संपल्यावर घरी कसं यायचं? – वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं फिरण्याबद्दलचीच आहेत, कुणाला कॉन्सर्टला जायचंय, कुणाच्या नवऱ्याचं अख्खं आयुष्य टूरवर चाललंय, कुणाला साहेब पहाटे घाट चढायला लावतात. सगळी पत्रं घेता आली नाहीत पण जी घेतली त्यांना मनापासून उत्तरं दिलीयेत. पहिलं उत्तर लांबलंय, ते लांबायलाच पाहिजे होतं.

प्रश्न : आम्ही चार मित्र जळगावचे, सगळे 22-23 चे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला शनिवारी कॉन्सर्ट आहे, तिकिटं मिळाली एकदाची. प्लॅन असा की शनिवारी पहाटे कार काढायची, दुपारपर्यंत पोचायचं, कॉन्सर्ट बघायची आन रात्रीच परत निघायचं, कारण रविवारी सकाळी एकाच्या घरी साखरपुडा आहे. पप्पा म्हणता गाडी देणार नाही. गाडी चालवणारे दोन जण आहे, दोघांचं लायसन आहे, समृद्धीने तर रस्ता पण मक्खन झालाय. पप्पांना कसं समजवायचं भो?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, पप्पांना समजवू नका, त्यांचं ऐका. आता हे नुसतं मोठ्या माणसाचं बोलणं वाटू नये म्हणून अख्ख्या रात्रीचा हिशोब मांडते.

उघड्या मैदानात रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर चालत नाही, 2000 सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, सरकार वर्षातले ठराविक दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं पण बहुतेक मोठे शो 10 च्या आसपास आवरतात. आता 10 ला शो संपला म्हणजे तुम्ही 10 ला निघालात असं नाही ना. हजारो लोक एकाच वेळी बाहेर पडतात, पार्किंगपर्यंत चालत जायचं, गाडी शोधायची, रांगेतून सायन-पनवेल रोडला लागायचं, यातच साडेअकरा-बारा वाजले समजा. तिथून जळगाव सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ठाणे-भिवंडी ओलांडून, आमण्याला समृद्धीवर चढून इगतपुरीचा तो जवळजवळ 8 किलोमीटरचा बोगदा पार करेपर्यंत दीड-दोन, नाशिक सोडून चांदवड-मालेगावच्या पट्ट्यात तीन-चार, आणि धुळ्याहून फागणे, पारोळा, एरंडोल करत पाच-सहा. माणसाच्या शरीराला सगळ्यात गाढ झोप येते ती रात्री 2 ते 6 मध्ये, आणि तुमचा अर्ध्याहून जास्त रस्ता बरोब्बर त्याच वेळेत पडतोय. आणि तुम्ही चौघंही आदल्या पहाटेपासून जागे, दिवसभर उन्हात उभे, तीन तास नाचलेले. चालवणारे दोन आहेत म्हणता, पण दोघंही सारखेच थकलेले असले तर दुसऱ्याचा उपयोग काय?

रस्ता मक्खन आहे हे खरंय. समृद्धी 5 जून 2025 ला पूर्ण सुरू झाला, कारला 120 ची मर्यादा आहे, मध्ये सिग्नल नाही, वळण नाही, गाव नाही. पण दमलेल्या माणसाला डुलकी लागते ती अशाच रस्त्यावर, कारण डोक्याला काही कामच उरत नाही. खड्ड्याच्या रस्त्यावर माणूस निदान वैतागून तरी जागा राहतो.

काच खाली करणं, गाणी मोठी लावणं, तोंडावर पाणी मारणं, हे सगळे जण सांगतात पण त्याने पाच-दहा मिनिटं जातात फक्त. चहा-कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे नेमकं करायचं असेल तर कडक चहा घ्या आणि लगेच पेट्रोल पंपावर किंवा धाब्याच्या उजेडात गाडी लावून वीस मिनिटं झोपा, उठेपर्यंत चहा लागू झालेला असतो. ते पण तात्पुरतंच आहे, रात्र काढायचा उपाय नाही तो. मागचे दोन किलोमीटर कसे आले ते आठवत नाही, एखादा बोर्ड निघून गेला, गाडी पांढऱ्या पट्टीवर जातेय, यातलं एक जरी झालं तर चालवणं तिथेच बंद करायचं, पुढच्या गावाची वाट बघायची नाही.

मग करायचं काय, तर ट्रेन. नेरुळहून ठाण्याला लोकल आहे, ठाण्याहून कल्याण. मुंबईहून रात्री उशिरा सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या कल्याणला थांबतात, त्यातली जळगाव किंवा भुसावळला थांबणारी बघा, सकाळी घरी पोचून आंघोळ करून साखरपुड्याला हजर. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे कॉन्सर्टचं तिकीट हातात आलं की पहिलं काम परतीच्या तिकिटाचं. आणि एक गोष्ट फार जणांची चुकते म्हणून लक्ष द्या: शनिवारच्या रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी जी गाडी येते तिच्यावर तारीख रविवारची असते. शनिवारची काढलीत तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. रिझर्वेशन नाहीच मिळालं तर तत्काळ, आदल्या दिवशी एसीचं सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला उघडतं, ऑनलाइन काढायला आता खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आजच करून ठेवा. तेही नाही जमलं तर नेरुळ-वाशीत चौघांत एक खोली घ्या, सकाळी निघा, आणि साखरपुडावाल्या मित्राने घरच्यांना आधीच सांगून ठेवावं की तो दुपारी येईल. चिडतील थोडे, चालेल.

प्रश्न : माझे मिस्टर औषध कंपनीत एमआर आहेत. धुळ्याहून नंदुरबार, शहादा, तळोदा अशी सगळी लाइन त्यांच्याकडे, आठवडाभर बाइक नाहीतर एसटी. रविवारी मी म्हटलं चला कुठेतरी लाँग ड्राइव्हला, मुलं पण मागे लागतात, तर म्हणतात मला रस्ता बघायची पण इच्छा नाही. मला त्यांचं पटतं पण माझा आणि मुलांचा पूर्ण आठवडा घरातच गेलेला असतो त्याचं काय?
– एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, दोघांचंही खरं आहे, त्यामुळे कोण बरोबर यावर भांडणात रविवार घालवू नका. त्यांना नको आहे ते हॅंडल आणि स्टेअरिंग. तुमच्यासोबत वेळ नकोय असं काही तुमच्या पत्रातून मला दिसलं नाही. उन्हाळ्यात तापीकाठच्या त्या पट्ट्यात दिवसभर बाइक चालवणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, पाठ, डोळे, डोकं सगळं उतरलेलं असतं.

तुम्ही गाडी शिका. हे मी अगदी सिरियसली सांगतेय. तुम्ही चालवायचं आणि त्यांनी शेजारी बसायचं, झोप आली तर झोपायचं. तोपर्यंत लांबचं काढूच नका. लळिंगचा किल्ला धुळ्यापासून दहाएक किलोमीटरवर आहे, पावसाळ्यानंतर सकाळी सात ला निघालात तर मुलं चढून उतरून दहा-अकराला घरी, आणि मिस्टरांना दुपारची झोप मिळते. नाहीतर धुळे-चाळीसगाव रेल्वेने जा, तिथून रिक्षा नाहीतर जीप करून पाटणादेवी. जंगल आहे, हेमाडपंती मंदिर आहे, आणि भास्कराचार्यांची विद्या पुढे चालावी म्हणून त्यांच्या नातवाने तिथे मठ काढल्याचा शिलालेख पाटणला सापडलेला आहे, मुलांना गणिताचा कंटाळा असेल तर ही गोष्ट जरूर सांगा. पाऊस पडून गेला की तिथला धबधबा बघण्यासारखा असतो.

आणि त्यांना एकदा नीट विचारा की त्यांना रविवारी काय हवंय. आठवडाभर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून सगळ्यांशी गोड बोलून आलेल्या माणसाला कधीकधी फक्त गप्प बसायचं असतं, दोन तास गप्प बसू दिलं तर तिसऱ्या तासाला स्वतःच म्हणतात चला.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला गावच्या ऑर्केस्ट्राला नेलं होतं, स्पीकरच्या जवळच बसलो होतो. माझे कान दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत होते. मुलीला काही झालं असेल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : मुलीला ईएनटी डॉक्टरकडे एकदा दाखवून घ्या, लहान मुलांना कान वाजतोय हे सांगता येत नाही. 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरतात, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. मोठ्या स्पीकरसमोर 100 सहज होतं. कान वाजणं म्हणजे कानाला जास्त झालं हे कान सांगतोय. पुढच्या वेळी लांब बसा, स्वतःला फोमचे इअरप्लग, मुलीला हेडफोनसारखे दिसणारे इअरमफ घ्या, ऑनलाइन मिळतात. कापसाच्या बोळ्याने फारसं काही होत नाही.

प्रश्न : मी चाळीसगावला असते, सेल्समध्ये आहे. छत्रपती संभाजीनगरला ऑफिसची मीटिंग सकाळी नऊला ठेवतात आणि साहेब म्हणतात पाचला निघ ना, घाट उतरला की काय लांब आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अंधारात कन्नडचा घाट मला खरंच भीती वाटते. सांगितलं तर म्हणतात मुली असंच करतात.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : तुमची भीती योग्य आहे आणि मुलगी असण्याशी तिचा काहीएक संबंध नाही. 2021 च्या ऑगस्टच्या शेवटी त्या घाटात दरडी कोसळल्या, गाड्या अडकल्या, रस्ता बंद पडला, त्याच पावसात चाळीसगावात पाणी शिरलं, तुम्ही तिथल्याच आहात, तुम्हाला मी काय सांगू. आणि साहेबांना एवढं तरी माहीत हवं की चाळीसगावहून जाताना घाट चढायचा असतो, उतरायचा नाही.

त्यांना तोंडी सांगू नका, मेल करा, आणि मेलमध्ये भीती हा शब्द घालू नका. सरळ लिहा की पावसाळ्यात घाटात दरड आणि धुक्यामुळे पहाटेचा प्रवास सुरक्षित नाही, त्यामुळे मी आदल्या संध्याकाळी उजेडात येईन, एका रात्रीच्या मुक्कामाची सोय करावी, किंवा मीटिंग अकराला ठेवावी, किंवा मी ऑनलाइन जॉइन होईन. तीन पर्याय दिले की एकाला तरी हो म्हणावं लागतं, आणि लेखी असलं की नाही म्हणायला माणूस कचरतो. निघायच्या आधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या, बंद असेल तर नांदगावकडून फिरून जावं लागतं आणि मग नऊची मीटिंग तशीही होत नाही. हायवेवर काही झालं तर 1033, बाकी कशालाही 112, दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा.

प्रश्न : लाँग ड्राइव्हला निघताना शेवभाजी खाऊन निघावं की रस्त्यात खावी?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : पोचल्यावर खावी. तर्रीवाली शेवभाजी आणि वर भात दाबून स्टेअरिंगवर बसलात की तासाभरात डोळे मिटायला लागतात. सोबत केळी, कळण्याची भाकरी, ठेचा, भरपूर पाणी. मे महिन्यात 45 च्या उन्हात तर पाण्यावर काटकसर नकोच, आणि टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना चेक करा.

प्रश्न : माझं वय 68, रिटायर्ड शिक्षक. आयुष्यभर रेडिओवर गाणं ऐकलं, सवाई गंधर्वला एकदा तरी जायचं राहून गेलं. मिसेस आता नाहीत. मुलं म्हणतात यूट्यूबवर सगळं असतं, एकटे कुठे जाता एवढ्या लांब.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : सर, जा. याच डिसेंबरला जा.

यूट्यूबवर गाणं असतं, पण शेजारच्या अनोळखी माणसाने समेला तुमच्यासोबतच मान हलवणं तिथे नसतं. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा, आता वेळेचे नियम आले त्यामुळे बहुतेक दिवशी दहापर्यंत आटोपतो, आणि तुमच्या वयाला ते सोयीचंच आहे. सगळे दिवस बसायचा अट्टाहास करू नका, कार्यक्रम जाहीर झाला की मनातले दोन दिवस निवडा. भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त असतं पण गुडघे दुखत असतील तर खुर्चीचंच काढा. पुण्याची डिसेंबरची थंडी उघड्या मैदानात बोचते, कानटोपी आणि शाल हवीच.

अमळनेरहून जळगावला या, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रीतून पुण्याला पोचता येतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण 60 वर्षांवरच्या पुरुषांना लोअर बर्थचा कोटा आहे, तिकीट काढताना तोच पर्याय निवडा, एकटे असल्यावर तो मिळायला सोपा जातो. मुक्काम कार्यक्रमाच्या जवळच, मुकुंदनगर-स्वारगेट भागात घ्या म्हणजे रात्री रिक्षाने दहा मिनिटांत खोलीवर. गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवा, रोज रात्री खोलीवर पोचल्यावर मुलांना एक फोन करा, त्यांची काळजीही खरी आहे. जाताना-येताना दोन्ही तिकिटं एकदमच काढा, डिसेंबरच्या मधल्या तारखांचं रिझर्वेशन ऑक्टोबरच्या मध्याला उघडतं.