चौकटीचा चौथा कोपरा का उघडतो?

प्रश्न : टेबल सॉवर (टेबलातून गोल पाते वर येणाऱ्या करवतीवर) ४५ अंशांचे कट घ्यायला घरीच प्लायवूडची जिग (लाकूड ठरलेल्या कोनात धरून पात्यावर सरकवायचा साचा) केली. फोटोफ्रेमचे तीन कोपरे घट्ट बसतात, चौथ्यात फट राहते. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : फट चौथ्यात दिसते, पण चूक आठही कटांत वाटलेली असते. प्रत्येक कट अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकला, तर शेवटी ४ अंश उघडे पडतात. म्हणून आधी जिगच्या दोन्ही आडपट्ट्या (ज्यांना लाकूड टेकवून कापतो त्या) एकमेकींशी अचूक ९० अंशांत बसवा. कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून मागे टॉर्च धरा. उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग जोडाची एक बाजू डावीकडच्या आडपट्टीला, दुसरी उजवीकडच्याच आडपट्टीला टेकवून कापा. एक कट ४४.८ चा झाला तरी दुसरा ४५.२ चा होतो आणि कोपरा काटकोनातच मिटतो! समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या हव्यात, त्यासाठी स्टॉपर (पट्टीचे टोक टेकवायचा ठोकळा) लावा.

जिगखालची, टेबलाच्या खाचेत सरकणारी सागाची पट्टी आपल्याकडे पावसाळ्यात फुगते. अडली तर फक्त घासून चकाकलेल्या जागी पॉलिश पेपर मारा, वर मेण लावा. आणि पाते जिथून मागे बाहेर पडते तिथे जाड ठोकळा बसवाच, अंगठा तिथेच सापडतो.